उल्पियानो, जरा बर्फ आण

तर ती निळी टोपी उल्पियानोने दोन बोटांच्या चिमटीत धरली होती, मेलेली पाल शेपटीने उचलावी तशी. घालत नव्हता आणि टाकतही नव्हता. समोर तेलेस्फोरो विनवण्या करत उभा. उल्पियानोच्या थोरलीला बाप्तिस्म्याच्या वेळी यानेच हातावर घेतलं होतं, तेव्हापासून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत आणि एकमेकांचं ऐकत.

"घाल, कोंपाद्रे. संघासाठी घाल."

"पण ही निळी आहे."

"निळी आहे म्हणून तर घाल म्हणतोय."

आता उल्पियानो हा हाडाचा पिवळा. बेसबॉलमध्ये सांतियागोचे पिवळे गरुड हरले की त्याच्या घरी चूल पेटायची, पण जेवायचं कुणी नाही. अशा माणसाच्या डोक्यावर राजधानीच्या निळ्या वाघांची टोपी त्याचेच सोबती चढवायला निघाले होते, याला कारण दोन्या मिनर्वाच्या दुकानात झालेली चर्चा.

दोन्या मिनर्वाचं, म्हणजे मिनर्वाबाईचं, किराणा दुकान ही गावाची चावडी. आत तांदूळ, तेल, खारवलेला मासा. बाहेर पत्र्याखाली टीव्ही, डॉमिनोचं टेबल आणि दहा-बारा खुर्च्या. खुर्च्या सगळ्या उल्पियानोने विणलेल्या, कारण त्याचा धंदाच तो. ताडाच्या पात्याची बैठक अशी घट्ट विणायचा की माणूस म्हातारा व्हायचा पण बैठक झोळ धरायची नाही. त्यातली पंख्याखालची, टीव्हीच्या बरोबर समोरची खुर्ची त्याची स्वतःची. तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे.

टेबलाच्या अलीकडे पिवळे, पलीकडे निळे. निळे थोडेच, राजधानीतून लग्न करून गावात आलेला न्हावी कासिमिरो, त्याचे दोन मेव्हणे आणि पोस्टातला एक माणूस, जो फक्त वाद आवडतो म्हणून निळा झाला होता.

दर सप्टेंबरात हंगामाआधी इथे येणाऱ्या वर्षाचा निकाल लागायचा. खेळाडू ऑक्टोबरात मैदानात उतरत, पण ती औपचारिकता.

"यंदा आमचा तो डावखुरा पिचर आहे," तेलेस्फोरोने सुरुवात केली. "त्याचा चेंडू बॅटरला दिसत नाही."

"दिसेल कसा? जाळीवर जाऊन आदळतो," कासिमिरो म्हणाला. "त्या खांद्याला आता पेन्शन द्या."

"आणि तुमचा तो शॉर्टस्टॉप? अमेरिकेतल्या त्याच्या संघाचा मालक सुट्टी देणार आहे का त्याला?"

"आई आजारी आहे म्हणून सांगणार आहे तो."

"गेल्या वर्षीही आजारीच होती ना?"

"आईचं वय होतंय, तेलेस्फोरो. चेष्टा करू नकोस."

असं बराच वेळ चाललं. पिचर झाले, कॅचर झाले, मैदानातल्या गवताची उंचीही झाली. पिवळ्यांनी आपला संघ उलटापालटा करून तपासला आणि त्यात खोट काही सापडेना. मग हरतो का? हळूहळू सगळ्यांच्या माना वळल्या त्या पंख्याखाली. उल्पियानो तेव्हा तळलेल्या केळ्याची चकती मन लावून खात होता.

बरं, पुरावा भक्कम होता, आणि तो आता त्याच्या तोंडावर मांडला गेला. उल्पियानो धाकटीच्या लग्नासाठी बोनाओला गेला, पिवळे जिंकले. परत येऊन टेकला, हरले. तो डेंग्यूने अंथरुणाला खिळला, पिवळे सलग जिंकत सुटले. बायको सुनिल्दाने सूप पाजून त्याला बरं केलं, तर गावातले निम्मे लोक तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. दुकानामागे लघवीला जाऊन आला की इकडे होमरन झालेला असायचा. त्यामुळे मोक्याच्या वेळी कुणीतरी म्हणायचं, "उल्पियानो, जरा बर्फ आण." बर्फाचा कारखाना चौकाच्या पलीकडे. उल्पियानो पिशवी घेऊन आनंदाने जायचा. आपल्यावाचून इथलं पान हलत नाही, असं त्याला वाटायचं. रस्त्यातच मागून आरोळी ऐकू यायची आणि तो बर्फ खांद्यावर घेऊन एकटाच नाचायचा. पिवळ्यांनी जिंकलेली एकही अंतिम लढत त्याने शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहिली नव्हती. आवाज मात्र सगळ्यांचा पाठ होता.

आज त्याला पहिल्यांदा कळलं की बर्फ कधीच कुणाला हवा नव्हता.

"म्हणजे मी पांढऱ्या पायाचा?" त्याने चकती खाली ठेवली.

"असं कोण म्हणतंय?" तेलेस्फोरो म्हणाला. "तुझं संघावर प्रेम आहे की नाही?"

"हे काय विचारणं झालं?"

"मग पिवळ्यांना सोड. यंदा निळ्यांचा हो. पनवती तिकडे जाऊ दे."

उल्पियानोने दोन्या मिनर्वाकडे पाहिलं. ती साबण कापत होती. "माझ्याकडे बघू नका, काका," ती म्हणाली. "मला दोन्ही बाजूंना बिअर विकायची असते."

मग वाटाघाटी झाल्या. संघ खेळाडूंची अदलाबदल करतात, तर प्रेक्षकाची का नाही? अडचण कासिमिरोची होती. आपला संघ निव्वळ कसबाने जिंकतो, असल्या खुळचट गोष्टी आम्ही मानत नाही, असं तो गावात आल्या दिवसापासून सांगत आला होता. आता उल्पियानोला नको कसं म्हणणार?

"या ना काका," तो म्हणाला. "आमच्याकडे पनवतीबिनवती चालत नाही." आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सलूनच्या दारावर, दृष्ट टळायला टांगतात तशी, लाल फीत बांधलेली कोरफड लटकली. कोरफड दाढी झाल्यावर गालाला चोळायला चांगली, एवढंच त्याने गिऱ्हाइकांना सांगितलं.

तर ती टोपी अखेर उल्पियानोने डोक्यावर ठेवली. घरी सुनिल्दाने दार उघडलं, वर पाहिलं आणि म्हणाली, "ती बाहेर काढून आत या. घरात येशूची तसबीर आहे."

हंगामाची पहिली लढत रविवारी दुपारी होती, पिवळे विरुद्ध निळे. उल्पियानो टेबलाच्या पलीकडे, निळ्यांच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. पंख्याचा वारा तिथे पोचत नव्हता आणि टीव्हीचा अर्धा भाग खांबाआड जात होता. पण त्याचं लक्ष टीव्हीवर नव्हतंच. समोर त्याच्या विणलेल्या खुर्चीवर तेलेस्फोरो ऐसपैस बसला होता. जागा रिकामी ठेवणं बरं दिसत नाही म्हणे. बसल्या बसल्या तो बोटाने बैठकीचं एक पातं उचकटत होता.

उल्पियानो कुणासाठीच ओरडला नाही. पिवळ्यांनी धाव काढली की ओठ घट्ट मिटायचा, निळ्यांनी काढली की डोळे.

आला नववा आणि शेवटचा डाव. पिवळे एका धावेने पुढे. निळ्यांचे तीनपैकी दोन बाद, पण तिन्ही बेसवर माणसं उभी, आणि बॅट घेऊन आला तो आईच्या आजारपणावर सुट्टी मिळवलेला शॉर्टस्टॉप. एक फटका, आणि निकाल इकडचा तिकडे.

"ओरड, कोंपाद्रे!" तेलेस्फोरो टेबलापलीकडून दबक्या आवाजात म्हणाला. "निळ्यांसाठी ओरड! हीच वेळ आहे. बुडव त्यांना!"

तेवढ्यात कुणीतरी उल्पियानोच्या बाहीला हात लावला. कासिमिरो होता. कपाळावर घाम, नजर खाली.

"काका," तो हळूच म्हणाला, "जरा बर्फ आणता का?"

उल्पियानो उठला. सवयीने पिशवीही हातात घेतली. रस्त्यापर्यंत गेला आणि थांबला. मागे वळून त्याने खांबाच्या बाजूने टीव्ही पूर्ण दिसतो का ते पाहिलं. दिसत होता. त्याने पिशवीची घडी घालून खिशात ठेवली, टोपी कानांपर्यंत खाली ओढली आणि बर्फाच्या कारखान्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "चला निळे! चला माझ्या वाघांनो!"

शॉर्टस्टॉपने चेंडू असा हाणला की तो कुंपणाला लागून परत आला तेव्हा निळ्यांच्या दोन धावा होऊन गेल्या होत्या.

निळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. पोस्टातला माणूस रडला. कासिमिरोने उल्पियानोचा हात डोक्याला लावून घेतला. पिवळ्यांच्या बाजूला फक्त पंखा फिरत होता. तेलेस्फोरोचा चेहरा शिळ्या भाकरीसारखा झाला.

"तू मनापासून ओरडला नाहीस," तो शेवटी म्हणाला. "वरून निळा, आतून पिवळा. म्हणून बुडालो आपण. खरं सांग, कोंपाद्रे, मनापासून ओरडलास का?"

उल्पियानोने टोपी काढली, नीट झटकून कासिमिरोच्या हातात दिली आणि टेबलाला वळसा घालून पंख्याखाली आला.

"मनापासूनच ओरडलो, कोंपाद्रे, छातीत दुखेपर्यंत. आणि मी ज्यांच्यासाठी ओरडलो ते जिंकले, हे इथं सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे पनवती माझ्यात नाही. आता ऊठ माझ्या खुर्चीवरून. ते उचकटलेलं पातं मी उद्या बसवतो. आणि यापुढे बर्फ लागला, तर तू आण."