डावं मडगार्ड

उद्यमनगरातल्या साऱ्या हातोड्या दुपारच्या जेवणासाठी एकदमच थांबल्या आहेत, आणि त्या थांबण्यात काहीतरी अवघडलेलं आहे. आपल्याविषयीचं वाक्य कोणी आपण येताच गिळून टाकावं, तसं. मी गाडीत बसले आहे. एकोणसत्तर सालची डॉज चार्जर. काळी, रुंद, उभ्या जागीही छाती पुढे काढून असलेली. संध्याकाळ व्हायच्या आत पुण्याहून गिऱ्हाईक येणार आहे. डोळे मिटते ते केवळ काचेवरचं ऊन टाळण्यासाठी.

उजवीकडचं दार उघडतं आणि आबा आत येऊन बसतात.

ईश्वरा लोहार, माझे वडील. गेल्या आषाढात गेले. त्यांच्या हातचा पत्रा पाहायला जुन्या गाड्यांचे शौकीन कुठून कुठून कोल्हापूर गाठत. आता ते सवयीनं दोन्ही हात पुढे करतात. पण ही अमेरिकेची गाडी, हिचं स्टिअरिंग डावीकडे, माझ्यासमोर. त्यांचे हात रिकाम्या हवेत थोडा वेळ तसेच राहतात.

"ह्येंचं समदं उलटं," ते पुटपुटतात. "मेल्यावर बी सवय जाईना बघ."

"आबा, तुम्ही इथं कसे?"

"मग कुठं जाऊ? तिकडं गाड्या हाईत व्हय? समदी पायीच हिंडत्यात."

मी हसते, आणि हसण्याच्या धक्क्यानं जणू काचेबाहेरची शेड विरून जाते. आम्ही सांगलीच्या हळदीच्या वखारीत आहोत. उजेड पिवळा आहे, आणि उजेडाला वास आहे. पोत्यांच्या थप्पीमागं, जिथं आबांना ही गाडी सापडली होती, तिथंच ती पुन्हा उभी आहे. कोण्या व्यापाऱ्यानं हौसेनं घेतलेली, मुलांनी विसरलेली. उजवं मडगार्ड पोत्यांच्या भारानं आत गेलेलं. डाव्याला गंजानं असं खाल्लेलं, की बोट लावलं तर पत्र्याची पूड व्हावी. उजवं आबांनी ठोकून पूर्ववत केलं. डाव्याकडे वळण्याआधीच त्यांचं हृदय थांबलं. मग मी सपाट पत्रा कापला आणि डावं मडगार्ड मुळापासून घडवलं, चाकावरच्या त्या फुगवट्यासह. धाव घेण्याआधी जनावराचा खांदा ताणला जावा, तसा.

"दलाल इंगवले म्हणतात, दोन्ही मडगार्डं तुमचीच म्हणून सांगायचं," मी म्हणते. "गिऱ्हाईक तुमच्या हातासाठी येतंय. एक बाजू पोरीची आहे म्हटलं तर माघारी जाईल म्हणे."

"इंगवल्या हळद बी केशर म्हणून खपवंल." ते माझ्याकडे वळून बघतात. "तू काय म्हन्तीस?"

"मी काय म्हणायचं ते या पत्र्यावर ठरेल. तुम्ही हात फिरवा."

ते गाडीतून उतरतात. मीही उतरते, तर पायाखाली फरशी आहे आणि भोवती बाकं. हा माझा एम.ए.चा वर्ग. गाडी बाकांच्या मधोमध उभी आहे, आणि ती आत कशी आली असा प्रश्न कोणालाच पडलेला नाही. तिचा काळा रंग कधीतरी उतरून गेला आहे. उघडा पत्रा, नुकत्याच जाग्या झालेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा. फळ्यावर कोणीतरी पुसलेल्या ओळीचा पांढरा धूर उरला आहे. आबा फळ्याखालचा एक कोरा खडू उचलतात आणि, नेहमीसारखा, कानामागे खोचतात.

त्या खडूला मी ओळखते. माझं खरं शिक्षण त्यानंच केलं. आबा पत्रा डोळ्यांनी पाहत नसत. डोळे मिटून, तळव्याखाली आईच्या जुन्या पातळाचा मऊ तुकडा धरून, डावा हात फिरवीत. उजवा हात हातोडीनं बधिर झालेला असतो, म्हणत. जिथं उंचवटा किंवा खळगा लागेल तिथं खडूचं वर्तुळ. खड्डा लांबीच्या लगद्यानं बुजवणं आणि वर रंग फासणं, हे त्यांच्या लेखी गिऱ्हाइकाच्या तोंडावर खोटं बोलणं होतं. मी ठोकलेला पत्रा माझ्याकडे परत येई तो असा, की सारं आभाळ पौर्णिमांनी भरून गेलं आहे. "कविता कागदावर कर, शरू," ते म्हणत. "पत्र्यावर केलीस तर लाटा येत्यात."

आता ते उजव्या मडगार्डावर नुसती बोटं टेकवतात. "ह्यो माझा. ह्यात काय बघायचं!" त्या आवाजात किंचितही संकोच नाही. कधीच नव्हता. मग ते गाडीला वळसा घालून डावीकडे येतात, खांद्यावरचा कपडा तळव्याखाली घेतात आणि डोळे मिटतात.

हात पुढून निघतो. दिव्याच्या कडेवरून, लांब सपाटीवरून, फुगवट्याच्या चढावर. बाकांवर कोणी नाही, तरी सगळा वर्ग श्वास रोखून आहे. मध्येच हात थांबतो. दुसरा हात कानामागच्या खडूकडे जातो.

"सांधा शोधताय?" मी विचारते. माझ्या आवाजातला माज मलाच आवडतो. "शोधा. सापडला तर वर्तुळ काढा. मोठं काढा."

"लई बोलाय लागलीयास."

"कुणाची पोर आहे?"

ते डोळे न उघडता हसतात. मग वाकून मडगार्डाच्या आतली बाजू चाचपतात, जिथं घाव तसेच ठेवायची आमच्या शेडची रीत आहे. आतून काय झालं ते आत लिहिलेलं असावं म्हणून.

"ह्यो घाव माझ्या हातोडीचा न्हवं?"

"तुमच्याच हातोडीचा."

"दांडा ढिला हुता तिचा."

"नवा बसवला. बाभळीचा."

"हं."

एवढंच. हात पुन्हा निघतो, फुगवट्यावरून उतरतो, दारापाशी पत्रा संपतो तिथवर जातो, आणि पत्रा संपल्यावरही क्षणभर तसाच पुढे सरकतो. जणू आणखी थोडा असता तर त्यांना हवा होता.

"आबा," मी म्हणते, "माझं नाव सांगू?"

ते डोळे उघडतात. कपडा झटकतात, घडी करून खांद्यावर टाकतात. बाकांच्या मधल्या वाटेनं चालू लागतात. दाराबाहेर व्हरांडा असायला हवा; तिथं वखारीतला पिवळा उजेड आहे. त्यांची पाठ ताठ आहे, चाल रुंद, भरल्या बाजारातून आपली गाडी जाताना पाहणाऱ्या माणसाची. मी पुन्हा हाक मारते. ते वळत नाहीत.

हातोड्या सुरू झाल्या आहेत. उजवीकडचं दार बंद आहे. काचेवरचं ऊन सरकून माझ्या मांडीवर आलं आहे.

मी उतरते. डाव्या मडगार्डावर, फुगवट्याच्या ऐन माथ्यावर, खडू आहे. गोल, तरी घरंगळलेला नाही. आबा गेल्यापासून या शेडमध्ये मी खडू आणलेला नाही. मी तो उचलून उजेडात धरते. दोन्ही टोकं कोरी, अणुमात्र झिजलेली नाहीत. खाली काळा रंग आरशासारखा स्वच्छ. कुठं पांढरी रेघसुद्धा नाही.

फाटक वाजतं. इंगवले लगबगीनं आत येतात, मागून पुण्याचे पाहुणे.

"ताई," ते माझ्या कानाशी कुजबुजतात, "दोन्ही आबांचीच म्हणायचं. ठरलंय न्हवं आपलं?"

मी खडू कानामागे खोचते आणि पुढे होते. पाहुण्यांना नमस्कार करते, आणि आधी डाव्या बाजूला घेऊन जाते.