सुतकातल्या घराची पाळी

मैत्रिणींनो, बोर्डिंगमध्ये कुणी तापानं पडली की तिच्या वाटची बादली आपण भरून ठेवायचो, आठवतं?

धरणात साठा कमी आहे, त्यामुळे आमच्या वरवंडला कालव्याचं हे शेवटचंच आवर्तन. शेजारच्या मारुतीआबांची बायको परवा गेली. सुतकात त्यांची पाण्याची पाळी वाया जाईल, म्हणून आज सकाळी ते पाणी मी माझ्या उसाला वळवलं.

दुपारी त्यांची सून बांधावर आली. "काकू, ऊस गारेगार झाला म्हणायचा. काका गेले तवा तुमची पाळी आबांनीच भरली हुती. आमचा कांदा आता कशावर पोसायचा?"

त्या वेळी माझं शेत कुणी भिजवलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

गड्याला सांगितलंय, उद्याची माझी पाळी आबांच्या कांद्याला. उरेल ते त्यांच्या गुरांच्या कडवळाला. उसाला थेंबही नाही.