ते अजून आहेत का?

वाचनालयातली प्रसिद्ध माणसांची चार हजार कार्डं संगणकावर चढवायचं काम मला मिळालं, तेव्हा मी प्रोग्रॅममध्ये एक अट घातली होती. एखादा माणूस गेला अशी नोंद करायची, तर दोन आधार भरलेच पाहिजेत. एक रकाना रिकामा राहिला, तर नोंद पुढे सरकायची नाही. अट मुळात माझ्या आत्याची. तिनं ती सव्वीस वर्षं हातानं पाळली होती, मी फक्त यंत्राला शिकवली. तीन दिवस कार्डं सुरळीत जात होती आणि मग एक अडलं. त्यावर मृत्यूची तारीख होती, ती एका सरळ रेघेनं खोडलेली. तिच्याखाली तीन महिन्यांनंतरची दुसरी तारीख. खाली आत्याच्या अक्षरात, पहिला आधार : मी स्वतः. दुसरा आधार : कोरा.

मी आत्याला फोन लावला. "हे काय प्रकरण आहे?"

"घरी ये," ती म्हणाली. "फोनवर सांगण्यातलं नाही ते."

जिचा सगळा जन्म लोकांना फोनवर सांगण्यात गेला, ती हे म्हणाली. मी त्याच संध्याकाळी गेलो.

आत्याची कामाची खोली वाचनालयाच्या जिन्याखाली होती. एक टेबल, एक काळा फोन, मागे लाकडी खणांची दोन कपाटं. डाव्या कपाटावर 'हयात', उजव्यावर 'दिवंगत' अशी चिठ्ठी. फोनचा अंतर्गत क्रमांक बारा, म्हणून शिपायापासून ग्रंथपालांपर्यंत सगळे तिला 'बारा नंबर' म्हणत. शहरातल्या कुणालाही काही अडलं की वाचनालयाला फोन करायचा आणि बारा मागायचा. कायद्याचं, औषधाचं विचारणारे थोडे. बाकी सगळे खेळाडू, नट आणि अंतराळवीर. अमक्या नटीची लग्नं किती झाली? सोन्याचं पदक खरंच सोन्याचं असतं का? (बरंचसं चांदीचं असतं, आत्या सांगायची, आणि पलीकडचा माणूस स्वतःचंच पदक गेल्यासारखा हळहळायचा.) अंतराळवीर रडला तर पाणी जातं कुठे? कुठेच जात नाही, डोळ्यापाशीच थेंब होऊन साचून राहतं.

पण सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच : "ते अजून आहेत का हो?"

त्यासाठी आत्या सकाळी सात वाजल्यापासून वर्तमानपत्रं घेऊन बसायची. चहाचा कप एका हातात, नजर निधनाच्या बातम्यांवर. बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, समोर दाढी करता करता विचारायचे, "ताई, आज कोण?"

"एक गोलरक्षक. आणि ती सासूची कामं करायची ना, ती."

"अंतराळवीर कुणी?"

"नाही."

"म्हणजे वर सगळं ठीक आहे."

"तू तोंड सांभाळ, गाल कापशील."

दोन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत बातमी आल्याशिवाय कार्ड डावीकडून उजवीकडे जायचं नाही. मोबाइल आले, लोक खिशातून उत्तरं काढू लागले, तरी तिला रोज तीस-चाळीस फोन यायचे. बहुतेक वयस्कर माणसांचे. "त्या डबड्यात काहीही लिहितात, तुम्ही सांगा," असं म्हणायचे. सव्वीस वर्षांत तिनं एकही चुकीचं उत्तर दिलं नव्हतं. हे ती कुणाला सांगायची नाही, पण मनात मोजून होती.

मग एका गुरुवारी अकराच्या सुमाराला एका पुरुषाचा फोन आला. आवाज जुना, पण खणखणीत.

"तो चालण्याच्या शर्यतीतला होता ना, लाल पाटी दाखवली होती ज्याला. आहे का तो अजून?"

आत्याला कार्ड काढायचीही गरज नव्हती. आदल्याच दिवशी तिनं ते उजवीकडे टाकलं होतं. या शर्यतीत एक पाय कायम जमिनीला टेकलेला असावा लागतो. दोन्ही पाय हवेत दिसले की पंच तक्रार नोंदवतात आणि तक्रारी तीन झाल्या की लाल पाटी दाखवून बाहेर काढतात. हा माणूस मोठ्या स्पर्धेत पहिला चालत होता. शेवटच्या फेरीत, मैदानाच्या दारात, त्याला ती पाटी दाखवली गेली. तेव्हापासून त्याचं नावच 'लालपाटी' पडलं. प्रश्नमंजूषा असली की हा प्रश्न असायचाच आणि उत्तर आलं की लोक हसायचे.

"ते मंगळवारी गेले," आत्या म्हणाली. "दोन वर्तमानपत्रांत आलंय."

"कशानं?"

"झोपेत. हृदयविकार."

"झोपेत. छान. वय?"

"चौऱ्याहत्तर."

"त्र्याहत्तर," तो म्हणाला. "चौऱ्याहत्तर पुरी व्हायला दीड महिना आहे अजून. आणि मंगळवारी मी घरीच होतो, बाई. नळ दुरुस्त करत होतो."

झालं होतं असं की, एका रुग्णालयात त्याच नावाचा दुसराच माणूस गेला होता. बातमी पुरवणाऱ्या संस्थेनं नाव पाहून जुनी माहिती चिकटवली आणि दोन्ही वर्तमानपत्रांनी तीच उचलली. आधार दोन दिसत होते, मूळ एकच होतं.

"माफ करा," आत्या म्हणाली. "मी आत्ताच दुरुस्त करते. वर्तमानपत्रांनाही कळवते."

"ते नंतर. आधी वाचा तरी, काय लिहिलंय ते. माझा चष्मा फुटलाय."

तिनं कात्रण वाचलं. त्याचे तीन विक्रम. चाळीस वर्षं शिकवलेले खेळाडू, त्यांतले एकोणीस पुढे देशाकडून चाललेले. लाल पाटीचा उल्लेख अगदी शेवटी, एका ओळीत, आणि तोही 'दुर्दैवी' म्हणून.

"परत वाचा," तो म्हणाला. तिनं परत वाचलं.

"नका दुरुस्त करू," मग तो म्हणाला.

त्या संध्याकाळी आत्या त्याच्या घरी गेली. सव्वीस वर्षांत ती फोन करणाऱ्या कुणाच्याही घरी गेली नव्हती, पण चूक झाली होती आणि ती समोर उभं राहून कबूल करायला हवी, असं तिला वाटलं. चाव्या करून देणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली. भिंतीलगत बुटांचे अकरा जोड, सगळ्यांच्या टाचा एकाच बाजूनं झिजलेल्या. तो काटक, ताठ, आणि बोलायला तिखट.

"मेल्यावर बरं लिहितात हो," तो म्हणाला. "आधी माहीत असतं तर लवकर मेलो असतो."

"पण हे खोटं आहे."

"बसा. सांगतो."

आणि त्यानं मुलाचं सांगितलं. मुलगाही चालायचा, बापापेक्षा सरस. निवड चाचणीत हा पंच होता. मुलाच्या दोन तक्रारी झाल्या होत्या, तिसरी बापानं नोंदवली. मुलाची निवड हुकली. त्या दिवशी तो घरी आला तो बॅग भरायलाच. अकरा वर्षं झाली. कुठल्याशा बंदरावर जहाजं दुरुस्त करतो, एवढंच कळलं होतं.

"दुसऱ्या पंचावर सोडायचं ना," आत्या न राहवून म्हणाली.

"दुसरा शिंकत होता. मी पाहिलं. दोन्ही पाय हवेत होते. तुम्ही काय केलं असतं? न पाहिल्यासारखं?"

आत्या भिंतीलगतच्या बुटांकडे बघू लागली.

"आता त्यानं पेपर वाचला असेल," तो म्हणाला. "येतो का ते मला बघायचंय. आठ दिवस फक्त. आला तर दार उघडीन. शिव्या देईल, देऊ दे. नाही आला, तर मीच पेपरवाल्यांना जाऊन सांगेन की मेलो नाही. तुम्ही तेवढं गप्प राहा."

"मी आपणहून कुणाला सांगणार नाही," आत्या म्हणाली. "पण कुणी सरळ विचारलं, तर खोटं बोलणार नाही. जमत नाही मला ते."

"मला कुठे जमलं," तो म्हणाला.

पाचव्या दिवशी, दुपारी, बारा नंबर वाजला.

"एक विचारायचं होतं. चालण्याच्या शर्यतीतले..." पलीकडचा माणूस अडखळला. "पेपरात आलंय की ते गेले. अंत्यविधी कधी, कुठे, काहीच नाही त्यात. खरंय का? मी त्यांचा मुलगा."

आत्या म्हणते, तो क्षण तिनं नंतर किती वेळा परत जगला याला गणती नाही. फक्त "मला नक्की माहीत नाही" म्हटलं असतं, तरी भागलं असतं. पण तिला सरळ विचारलं गेलं होतं.

"बातमी चुकीची आहे," ती म्हणाली. "ते आहेत. मी भेटून आले त्यांना. ठणठणीत आहेत."

पलीकडून नुसता कारखान्यासारखा खणखणाट ऐकू आला.

"उद्याचं तिकीट काढलं होतं मी," तो म्हणाला.

"मग या ना!"

"आता कशाला? गेलेल्या माणसाकडे जाता येतं हो. जिवंत असतील तर दारातच माझी चाल बघतील."

"तसं नाही. ते वाट..." इथे आत्यानं वाक्य तोडलं. आठ दिवसांचं ते आपणहून सांगणार नाही, असा शब्द तिनं दिला होता. "तुम्ही एकदा या."

"बघतो. आणि बाई, मी फोन केला होता हे त्यांना सांगू नका. हवी तर शपथ घालतो तुम्हाला, पण सांगू नका."

"नाही सांगणार," आत्या म्हणाली. त्याचा क्रमांक तिनं सवयीनं वहीत लिहून ठेवला.

तो आला नाही. नवव्या दिवशी लालपाटी स्वतः वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळी आल्या : 'लाल पाटीमुळे प्रसिद्ध असलेले माजी खेळाडू हयात आहेत. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' विक्रम, एकोणीस विद्यार्थी, सगळं गायब. आत्यानं कार्डावरची तारीख खोडली आणि ते डावीकडे परत आणलं.

त्यानंतर ती दर गुरुवारी त्याच्याकडे जाऊ लागली. कारण विचारलं तर म्हणायची, कार्डावरची माहिती तपासून घेते. चष्मा तिनंच करून आणला. तो तिला चिडवायचा, "काय बारा नंबर, आज कोणाला मारलंत?" आणि मग सहज विचारल्यासारखं, बुटाची नाडी ओढत, "काही फोन वगैरे?"

"रोज चाळीस येतात."

"तसे नव्हे."

"आज एकानं विचारलं, अंतराळात माणसाची उंची वाढते का."

"वाढते?"

"थोडी. खाली आलं की परत होती तेवढी."

तो हसायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. एकाला तिनं एक शब्द दिला होता, दुसऱ्याला दुसरा, आणि दोन्ही पाळताना ती मधल्यामधे भरडली जात होती. घरी जेवताना बाबांनी "आज कोण?" विचारलं, तर ताट घेऊन उठायची. दोनदा तिनं वहीतला तो क्रमांक फिरवायला घेतला आणि अर्ध्यावर ठेवून दिला. तिचं काम आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं. आपण होऊन बोलायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकायचं वय गेलं असं तिला वाटत होतं.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी त्याला न्यूमोनिया झाला. सहा दिवस रुग्णालय. शेवटच्या दिवशी सकाळी त्यानं डोळे उघडले आणि सरळच विचारलं, "आला होता का त्याचा फोन?"

आत्या म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, बोलायचं नाही. पाणी देऊ?"

त्यानं पाणी घेतलं. दुपारी तो गेला.

तिनं दोन्ही वर्तमानपत्रांना फोन केले. एकाकडचा उपसंपादक म्हणाला, "बाई, त्यांचं तर आम्ही एकदा छापलंय. मग गेलेले नाहीत, असंही छापलंय. आता परत छापलं तर लोक हसतील आम्हाला." दुसऱ्यानं "बघतो" म्हटलं आणि पाहिलं नाही. बातमी कुठेच आली नाही. मग आत्यानं वही उघडली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, एका विचारणाऱ्याला आपण होऊन काही सांगण्यासाठी तो फोन फिरवला.

मुलगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. तोवर सगळं उरकलं होतं. रुग्णालयानं थांबायला नकार दिला होता. तो सरळ वाचनालयात, जिन्याखालच्या खोलीत आला. बापासारखाच काटक, हाताला वंगणाचे डाग. आत्यानं त्याला खुर्ची दिली. त्यानं कार्ड मागून घेतलं, मागून पुढून वाचलं, आणि ठेवलं.

"शेवटी काही म्हणाले?"

"तुमचा फोन आला होता का, असं विचारलं."

"मग?"

"मी पाणी दिलं."

"म्हणजे सांगितलं नाहीत? तिकीट काढलं होतं, हेही नाही?"

"तुम्ही नको म्हणाला होतात."

"मी म्हणालो," तो हळूच म्हणाला, "आणि तुम्ही ऐकलंत?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं आत्या म्हणते. आवाज चढवला असता, टेबलावर मूठ आपटली असती. तो नुसता विचारत होता, खरंच कळत नसल्यासारखा. मधे दोनदा फोन वाजला. तिनं उचलला नाही. मग ती बोलली. आठ दिवसांचं सांगितलं, आला तर दार उघडीन म्हणाले होते ते सांगितलं, दर गुरुवारचं "तसे नव्हे" सांगितलं. कुठलीच गोष्ट गाळली नाही. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. तिचं बोलून झालं, तेव्हा त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "त्या दिवशी दोन्ही पाय हवेत होते माझे. मला कळलं होतं."

आणि मग, "हे त्यांना सांगायचं होतं."

आत्यानं मला हे सांगितलं तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसली होती, हात मांडीवर उपडे. मुलगा येऊन गेला त्याच्या पुढच्याच महिन्यात तिनं मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. आम्हाला घरात वाटलं होतं, संगणक येणार म्हणून.

"मग त्या कार्डाचं काय करू?" मी विचारलं.

ती म्हणाली, "दुसरा आधार मुलाचा. त्याला फोन कर. तू कर, आजच कर. आणि तो काय म्हणतो ते ऐकू नकोस लगेच. थोडा वेळ बोल त्याच्याशी."