जोडे काढणारा माणूस

इंग्रज गेल्यावर रामाकोन्याजवळच्या त्यांच्या बॉम्ब टाकायच्या सरावाच्या मैदानात न फुटलेले गोळे शोधायला एक सरकारी माणूस यायचा. जोडे काखेत मारून तो अनवाणीच फिरे. "जोड्यानं जमीन बोलत नाही, गुरुजी," म्हणायचा. मधेच थांबून तळवा टेकवायचा, डोळे मिटायचा. मला त्याची जरा भीतीच वाटे.

एकदा मी त्याला चहाला घरी आणलं. फाटकाशी जोडे काढून त्यानं अंगणात एक पाऊल टाकलं आणि डोळे मिटले.

"वहिनी, ही माती कुठची जी?"

बायको खाली बसून अंगण सारवत होती. "मैदानातल्या खड्ड्यातली, भाऊजी. आयतीच मोकळी होती, काल गाडीभर आणून टाकली."

उचललेलं दुसरं पाऊल त्यानं खाली टेकवलं नाही.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "हात उचला."