मालकिणीची चादर

रफूमावशींना हॉटेलात लागून एकतीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात आता तिसरे मालक येत होते. हे सांगताना त्यांचा आवाज वर जात नसे की खाली येत नसे.

पहिल्या मालकीणबाई. आठ खोल्यांचं वडिलांचं घर एकटीला खायला उठलं, म्हणून त्यांनी ते पाहुण्यांना उघडून दिलं. शिंप्याच्या दुकानात काजंबटणं करणाऱ्या मावशींना त्यांनी हाताला धरून आणलं. जिन्याखालची खोली दिली. एक खिडकी, एक मशीन, भिंतभर कपाट. पहिल्याच दिवशी बजावलं, "पाहुण्याच्या गादीवर शिवलेलं जायचं नाही. आणि चादर टाकायचीही नाही. रफू कर, माझ्या गादीवर घाल."

"तुमच्या?"

"मग कुणाच्या? मालकीण मीच ना?"

पुढे दुसरं घर घेतलं, तिसरं घेतलं. मासिकांत फोटो आले, साबण ठेवायलासुद्धा कोरीव डब्या आल्या. बाई मात्र इथं राहायला आल्या की रफूच्याच चादरीवर झोपत. मावशी देवाचं नाव घेऊन सुईत दोरा ओवत, आणि भोक कुठं होतं ते नंतर बोटानं चाचपडून शोधावं लागे.

बाई गेल्या, भाचा मालक झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावरूनच ओरडला, "मावशी, तुमच्या रफूनं माझ्या पाठीवर नकाशा उठलाय!"

"बरं झालं. आता वाट चुकणार नाही तुम्ही."

तो हसला, आणि नऊ वर्षं त्याच चादरींवर झोपला. मग कंटाळला. तोवर पाच घरं झाली होती, ती पाचही एका कंपनीला विकून मोकळा झाला. फळ्यावर कागद लागला. मावशींनी तो दोनदा वाचला आणि उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करायला गेल्या.

बाकीच्या चार घरांत चादरी बाहेरच्या लाँड्रीतून यायला लागल्या. इथली जिन्याखालची खोली ठेवायची की नाही, ते कंपनीच्या मोठ्या मॅडम एक रात्र राहून ठरवणार होत्या. मावशींच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि दुसरं काम हाताला ठाऊक नव्हतं.

मॅनेजर भला माणूस. म्हणाला, "मॅडमची खोली तुम्हीच लावा. तुमचा हात दिसू दे त्यांना."

मावशींनी कपाटातली सगळ्यात चांगली चादर काढली. बाईंच्या वेळची, चार दिवस खपून रफू केलेली. सुरकुती न ठेवता घातली.

सकाळी मॅनेजर ती हातावर टाकून आला.

"हे काय घातलंत?"

"मालकिणीची चादर."

"फाटकी?"

"रफू केलेली. मालकांना तीच असते. कोरी पाहुण्यांना."

मॅनेजर स्टुलावर बसला. "अहो मावशी, त्या मालकीण नाहीत हो. पगारी आहेत, तुमच्याआमच्यासारख्या."

"मग मालक कोण?"

त्यानं जरा विचार केला. "असं एक कुणी नाही. शेअरवाले लोक. कुठं कुठं असतात."

"ते झोपायला येत नाहीत इथं?"

"नाही."

मावशींनी कपाटाकडे पाहिलं. रफूच्या त्रेचाळीस चादरी होत्या.

"मॅडम काय म्हणाल्या?"

"महिनाअखेर खोली बंद. मी बोललो त्यांच्याशी, पण…" त्यानं चादर पुढे केली. मावशींनी तिची घडी घातली आणि सवयीनं जागेवर ठेवली.

रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आलं नाही.

महिना संपला तसं कपाट उचलून नेलं. चादरी मावशी घरी घेऊन आल्या. सुनेनं एक उलगडून उजेडात धरली. "आई, कुठंय हो रफू? दिसतच नाही."

"असू दे."

"आता ह्या कुणाला घालू?"

"घाल कुणालाही."

दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीच्या वेळी उठल्या. देवाचं नाव घेतलं, सुईत दोरा ओवला आणि फाटकं काही सापडतं का ते बघत घरभर फिरल्या. सून नेटकी होती. काही सापडलं नाही. त्या सुई हातात घेऊन खिडकीशी बसून राहिल्या.