मूठभर मीठ

लसणाच्या फोडणीत मोहरीचा पाला टाकला, त्याचा कडसर, नाकात जाणारा वास घरभर झाला आणि माझा हात मिठाच्या डब्यावर थांबला. दर वेळी थांबतो.

आष्टीकडच्या आमच्या गावात त्या सकाळी ऊसतोडीचा ट्रक दारासमोर उभा होता. माझा मोठा भाऊ पहिल्यांदाच टोळीबरोबर निघाला होता. आई त्याचं बोचकं बांधत होती, म्हणून बांधावरची मोहरी आणि तांदुळजा खुडून भाजी मी केली. मी दहा वर्षांची. कढईभर पाला बघून मूठभर मीठ टाकलं. शिजल्यावर तो ओंजळभरच उरतो, हे मला कुठं ठाऊक.

दादानं दोन भाकरी खाल्ल्या, ताट पुसून घेतलं.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"लई झ्याक हाय. आता तूच करत जा."

ट्रक सुटायच्या आत तो दोनदा खाली उतरला आणि रांजणातलं पाणी पिऊन गेला. मला वाटलं, घरातून त्याचा पाय निघत नाही.

ट्रक गेल्यावर उरलेल्या भाजीचा घास मी तोंडात घातला आणि थुंकून टाकला.

पाडव्याला टोळी माघारी आली. दादा तिकडंच उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता.

आता माझ्या घरी पालेभाजी अळणीच होते. मीठ ज्याचं त्यानं वरून घ्यायचं. पाला कढईत खाली बसायला लागला, की पाठीमागं रांजणावर तांब्या वाजतो. माझ्या या घरात रांजण नाही.