पाहुण्याच्या चहाचं कूपन

११ ऑक्टोबर १९९८, रविवार. सकाळी मीनाबरोबर शहराबाहेरची ज्येष्ठांची वसाहत पाहिली. अनामत चार लाख, महिना साडेतीन हजार. एकनाथराव भेटले. किळस आली.

दुपारी एवढं लिहून भामाताईंनी पेनाला टोपण लावलं. कठोर शब्द दोनदा तोलावा, असं शाळेतल्या नन्सनी शिकवलं होतं. त्यांनी तो तोलला आणि तसाच राहू दिला.

अमेरिकेतल्या मुलाला, विवेकला, काचीगुड्याचं राहतं घर बिल्डरला द्यायचं होतं आणि आईची सोय वसाहतीत लावायची होती. हो की नाही, ते आज संध्याकाळी त्याला फोनवर सांगायचं होतं.

सकाळी वसाहतीतला मॅनेजर रंगीत पत्रक पसरून लेकीशी, मीनाशीच बोलत होता. "अम्माला समजावा, मॅडम. डिपॉझिट परत मिळतं." भामाताईंनी चष्मा पुसून पत्रकामागचं बारीक इंग्रजी वाचून काढलं. दर वर्षी दहा टक्के वजा. मृत्यूनंतर खोली अठ्ठेचाळीस तासांत रिकामी.

"निदान तिसरा दिवस तरी उजाडू द्याल ना?" त्यांनी विचारलं. मीनानं कोपरानं ढोसलं.

व्हरांड्यात एकनाथराव बसले होते. गौलीगुड्यातले नावाजलेले वकील. त्यांच्या घरून पोस्टमनसुद्धा चहा घेतल्याशिवाय सुटत नसे.

"या, या, भामाताई! बसा!" म्हणाले आणि एकदम ओशाळले. दहाचा चहा आला होता. एकच कप. "पाहुण्यांचं कूपन आदल्या दिवशी घ्यावं लागतं हो."

वाढप्याची पाठ वळताच त्यांनी अर्धा चहा बशीत ओतला आणि कप घाईघाईनं भामाताईंपुढे सरकवला. भर कोर्टात न्यायाधीशांशी भांडणारा माणूस! भामाताईंना त्या चोरट्या कपाला हात लावावासा वाटेना. तरी त्यांनी तो पाणचट चहा संपवला. नाही म्हटलं असतं तर एकनाथराव मेल्याहून मेले असते.

"बाकी त्रास नाही," ते म्हणाले. "रात्री पडलो तर कुणी तरी उचलतं. तुम्हाला कोण उचलणार?"

ते मात्र खरं होतं. परतताना रिक्षात मीनानंही तेच काढलं. "आई, बाथरूममध्ये दोन तास पडून होतीस. मी राहते तिकडे कोठीला, तू काचीगुड्याला एकटी."

"होते ना. घराच्या मागच्या खोलीत एखादी नर्स ठेवू. भाडं नको, रात्री घरात असली म्हणजे झालं."

"आणि ती टिकली नाही तर?"

"दुसरी बघू."

साडेसातला फोन वाजला. सगळं ऐकून विवेक चिडला. "कपभर चहासाठी एवढं घर अडवून बसणार तू?"

"हो," भामाताई म्हणाल्या. "जेवलास का?"

मग त्यांनी डायरी पुन्हा उघडली आणि त्याच तारखेखाली लिहिलं: मागच्या खोलीचं कुलूप गंजलेलं, तोडून घेतलं. खाटेला नवी नवार लागेल.